एकच रूळ, दोन महासत्ता: मधल्या देशाच्या पदरात काय पडतं?

धागाकर्ता: मध्यरेषा

अंगोलाच्या किनाऱ्यावर लोबितो नावाचं बंदर आहे. तिथून निघणारी बेंग्वेला रेल्वे सुमारे तेराशे किलोमीटर पूर्वेला जाऊन काँगोच्या सीमेला भिडते. १९०२ साली पोर्तुगीज राजवटीने एका ब्रिटिश उद्योजकाला तिचा परवाना दिला. १९२९ला रूळ सीमेपर्यंत पोचले आणि तिथल्या खाणींमधलं तांबं अटलांटिकमार्गे युरोपात जाऊ लागलं. १९७५नंतरच्या यादवीत मार्गाची पार वाताहत झाली. २००२ला युद्ध थांबल्यावर तो पुन्हा उभारला चिनी कंपनीने, चिनी पैशातून. काम २०१४मध्ये संपलं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. २०२२मध्ये याच मार्गावर मालवाहतूक चालवण्याचा ३० वर्षांचा हक्क ट्राफिग्युरा, मोटा-एंजिल आणि व्हेक्ट्युरिस या कंपन्यांच्या गटाला मिळाला. चिनी गटानेही बोली लावली होती, तो हरला. मग अमेरिकेच्या सरकारी वित्तसंस्थेने ५५.३ कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं आणि डिसेंबर २०२४मध्ये बायडन स्वतः अंगोलात जाऊन आले. रूळ एकाच्या पैशातले, गाड्या दुसऱ्याच्या पाठबळावर.

त्याच तांब्याच्या पट्ट्यातून पूर्वेकडे ताझारा रेल्वे निघते: झांबियातल्या कापिरी म्पोशीपासून टांझानियातल्या दार-एस-सलामपर्यंत १,८६० किलोमीटर. ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या राजवटीने १९६५मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि झांबियाचा दक्षिणेकडचा रस्ता धोक्यात आला. हा लोहमार्ग परवडणार नाही म्हणत पाश्चात्त्यांनी हात वर केले. तेव्हा स्वतःच गरीब असलेल्या चीनने बिनव्याजी कर्ज देऊन १९७० ते १९७५ या काळात तो बांधून दिला. पुढे इंजिनं आणि देखभाल यांची आबाळ होत गेली तशी वाहतूक रोडावली. २०२५मध्ये चिनी कंपनीशी ३० वर्षांचा नवा करार झाला, गुंतवणूक सुमारे १४० कोटी डॉलर.

म्हणजे एका खाणपट्ट्याला आता दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांत एकेक महासत्ता उभी आहे. माझा प्रश्न असा, की या ओढाताणीत झांबिया, काँगो, अंगोला यांना खरोखर काही जास्तीचं मिळतं का?

माझं मत आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला खोडता येईल. दारात दोन सावकार उभे राहिले म्हणून व्याज आपोआप उतरत नाही. एकाने काय देऊ केलंय हे दुसऱ्याला कळलं आणि दोघांचेही कागद घरच्या माणसांनी नीट वाचले, तरच ते उतरतं. स्पर्धेचा फायदा मारला जातो तो गुप्ततेत. कर्ज कोणाचं, यावर आपण तासन्‌तास वाद घालतो, पण करार कोणी वाचला, संसदेत आला का, देखभाल कोण करणार, हे विचारतच नाही.

दोन उदाहरणं देतो. इजिप्तमधल्या आस्वान धरणासाठी पैसे देऊ केलेल्या अमेरिका-ब्रिटनने जुलै १९५६मध्ये अंग काढून घेतलं. इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासेर याने आठवडाभरात, २६ जुलैला, सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. पुढे १९५८मध्ये सोव्हिएत कर्ज मिळवलं आणि धरण १९७०मध्ये पुरं केलं. कोणाच्याही पैशातून झालं असतं तरी ते धरण इजिप्तला हवंच होतं.

दुसरं बांगलादेशातल्या पद्मा पुलाचं. भ्रष्टाचाराच्या संशयावरून जागतिक बँकेने जून २०१२मध्ये १२० कोटी डॉलरचं कर्ज रद्द केलं. बाकीचे कर्जदातेही मागे हटले. सरकारने स्वतःच्या तिजोरीतून पैसा उभा केला, मुख्य पुलाचं कंत्राट चिनी कंपनीला दिलं आणि २५ जून २०२२ला ६.१५ किलोमीटरचा पूल खुला झाला. त्याआधी २०१७मध्ये कॅनडातल्या न्यायालयात याच प्रकरणातले आरोपी निर्दोष सुटले होते. पूल बांधून घेतला चिनी कंपनीकडून, पण चीनचा त्यावर हक्क नाही. ठेकेदार आणि सावकार वेगळे ठेवता येतात, हा मोठा धडा मला त्यात दिसतो.

तुमच्या वाचनातली, कामातली उदाहरणं लिहा. माझ्या मताविरुद्ध जाणारी असतील तर आवर्जून.

---

प्रतिसाद: दर्यावर्दी

धागा आवडला. श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराचा विषय आता येणारच, म्हणून जहाजवाहतुकीत काम करणारा माणूस या नात्याने तेवढं नीट मांडून ठेवतो.

सगळीकडे एकच गोष्ट फिरते: चीनने कर्ज दिलं, श्रीलंकेला फेडता आलं नाही, चीनने बंदर घेतलं. प्रत्यक्षात घडलं ते वेगळं. पहिल्या टप्प्याचं कर्ज ३०.७ कोटी डॉलर, व्याज ६.३ टक्के. त्या बंदराचा विचार चीनच्या किती तरी आधीपासून चालू होता, कॅनडाच्या आणि डेन्मार्कच्या सल्लागार कंपन्यांनी त्याचे अहवाल केले होते. २०१०ला बंदर सुरू झालं, पण माल नाही. कोलंबोसारखं जमलेलं बंदर हाताशी असताना जहाज कंपनी नव्या ठिकाणी का जाईल?

२०१७मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ते चायना मर्चंट्स या चिनी कंपनीकडे गेलं. त्याचे ११२ कोटी डॉलर आले, ते परकीय गंगाजळीत पडले. बंदराचं मूळ कर्ज माफ झालं नाही, ते सरकारच्या खात्यावर तसंच राहिलं. म्हणजे हा कर्जाच्या बदल्यात केलेला ताबा नव्हता. बाहेरच्या हप्त्यांसाठी डॉलर हवे होते म्हणून हातातली एक मालमत्ता काढली. ते हप्ते प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय रोख्यांचे होते, आणि रोखे घेणारे बहुतेक पाश्चात्त्य फंड. २०२२ला देश बुडाला तेव्हाही बाह्य कर्जातला मोठा वाटा रोख्यांचाच होता.

आज तिथे मोटारींची चढउतार बरीच होते, एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवायच्या. बंदर अगदी ओस पडलंय असंही नाही.

---

प्रतिसाद: सह्यकडा

दर्यावर्दी, आकडे मान्य. निष्कर्ष मात्र तुम्ही फारच मवाळ काढताय.

ऑगस्ट २०२२ आठवा. श्रीलंकेत इंधनासाठी रांगा, राष्ट्राध्यक्ष नुकतेच पळून गेलेले, आणि युआन वांग ५ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटाला लागलं. भारताने आक्षेप घेतला होता. श्रीलंकेने आधी भेट पुढे ढकलायला सांगितलं आणि मग परवानगी दिली. बुडत्या देशाला "नाही" म्हणण्याची किंमत परवडत नाही, हीच तर गुंतवणुकीची खरी वसुली आहे. ती ताळेबंदात दिसत नाही.

जिबूतीचंही तेच. रेल्वे, बंदर, पाण्याची नळवाहिनी यांत चिनी पैसा आला आणि २०१७मध्ये चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ तिथेच उघडला. तुम्ही सगळे व्याजदरावर बोलताय. बंदर, दूरसंचार, वीज या गोष्टी ज्याच्या हातात, त्याचा शब्द संकटाच्या दिवशी चालतो. हे नुसतं व्यापाराच्या हिशेबात बसवणं मला पटत नाही.

---

प्रतिसाद: दर्यावर्दी

सह्यकडा, संकटाच्या दिवसाचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर वाद नाही. फक्त जिबूतीचं चित्र पुरं करतो. तिथे अमेरिकेचा, फ्रान्सचा, जपानचा आणि इटलीचाही तळ आहे आणि जिबूती सगळ्यांकडून भाडं घेतं. त्याच जिबूतीने २०१८मध्ये दोरालेहचं कंटेनर टर्मिनल दुबईच्या डीपी वर्ल्डकडून काढून घेतलं, त्यावरून लंडनमध्ये लवाद चालला. लहान देश नेहमी निमूटपणे बसतात असं समजू नका. भूगोल हातात असला की ते खूप ताणून धरतात. ज्यांच्याकडे असा भूगोल नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

---

प्रतिसाद: जुना मुनीम

कर्जाच्या कागदांतच नोकरी झाली, म्हणून जरा तपशिलात लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

चिनी सरकारी बँकांच्या १०० करारांचा एक अभ्यास २०२१मध्ये बाहेर आला. पूर्वी हे कागद कोणाला बघायलाही मिळत नसत. त्यातली तीन कलमं मला फार बोलकी वाटली. पहिलं गोपनीयतेचं: ऋणकोने अटी, आणि काही ठिकाणी कर्ज घेतलंय हेसुद्धा, उघड करायचं नाही. दुसरं खात्याचं: प्रकल्पाचं किंवा खनिज-तेलाचं उत्पन्न सावकाराला चालेल अशा बँकेतल्या वेगळ्या खात्यात जमा ठेवायचं, म्हणजे हप्ता चुकला की हात तिथे पोचतो. तिसरं, पॅरिस क्लबसारख्या (कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाच्या) सामूहिक तडजोडीत हे कर्ज धरायचं नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे पाश्चात्त्यांचे कागद स्वच्छ. त्यांनी झांबियाचं डोनेगल प्रकरण वाचावं. १९७९मध्ये झांबियाने रुमानियाकडून ट्रॅक्टर वगैरे घेण्यासाठी कर्ज काढलं. ते थकलं. १९९९मध्ये डोनेगल नावाच्या फंडाने ते रुमानियाकडून ३३ लाख डॉलरच्या आसपास विकत घेतलं आणि व्याजासकट साडेपाच कोटींचा दावा ठोकला. २००७मध्ये लंडनच्या न्यायालयाने सुमारे दीड कोटी डॉलर देववले. बाकीचे देश झांबियाला कर्जमाफी देत होते त्याच सुमारास हे घडलं. एका बाजूने माफी येत होती, दुसऱ्या बाजूने फंड वसुली करत होता. ब्रिटनने अशा दाव्यांना आळा घालणारा कायदा केला तो २०१०मध्ये.

आता हाच झांबिया २०२०च्या नोव्हेंबरात. ४.२५ कोटी डॉलरचं रोख्यांवरचं व्याज चुकलं. त्याआधी सरकारने रोखेधारकांकडे सवलत मागितली होती. ते म्हणाले, तुमच्या चिनी कर्जाच्या अटी आम्हाला माहीत नाहीत, आम्ही सोडलेला पैसा त्यांच्या खिशात जाणार नाही कशावरून? आणि झांबिया ते दाखवू शकत नव्हता, कारण गोपनीयतेचं कलम. मध्यरेषा म्हणतात तो मुद्दा इथे अगदी उघड दिसतो. सरकारी धनकोंशी ६३० कोटी डॉलरची तडजोड जमली जून २०२३मध्ये, रोखेधारकांशी २०२४मध्ये. साडेतीन वर्षं गेली. तेवढा काळ नवं कर्ज मिळत नाही, चलन घसरतं, सरकारी भरती आणि बांधकामं रखडतात. सावकारांच्या आपसातल्या संशयाचा भुर्दंड ज्यांनी कागदावर सहीही केली नाही त्या माणसांनी भरला, आणि याचा मला आजही राग येतो.

व्याजदराबद्दल एकच सांगतो. जपानी सरकारी कर्ज एक टक्क्याच्याही खाली मिळू शकतं, मुदत तीस-चाळीस वर्षं. पण वेळ लागतो, अभ्यासावर अभ्यास होतात. निवडणूक दोन वर्षांवर असलेल्या मंत्र्याला चार टक्क्यांचं आणि उद्या सुरू होणारं कर्ज गोड लागतं. यात मंत्री मूर्ख आहे असं नाही, त्याचं घड्याळ वेगळं आहे.

---

प्रतिसाद: तारयंत्री

मुनीमकाका, प्रतिसाद जपून ठेवलाय.

मी प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचं सांगतो. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात भारतीय पतपुरवठ्यातून होत असलेल्या वीज उपकेंद्राच्या कामावर होतो. या पतपुरवठ्याची सर्वसाधारण अट अशी, की निदान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. त्यामुळे रोहित्र आमचं, संरक्षक रिले आमचे, खांबसुद्धा आमचे.

शेजारच्या जुन्या उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षात गेलो तेव्हा एका भिंतीला चार पिढ्यांची मदत ओळीने उभी होती. टोकाला युरोपीय पॅनेल, त्याचे काटे स्थिर. मधे चिनी पॅनेल, त्यावरची अक्षरं कोणीतरी मार्करने इंग्रजीत लिहून काढलेली. पलीकडे एका तिसऱ्या देशाच्या अनुदानातले रिले, ज्यांची सेटिंग बदलायची तर त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आणि परवाना लागतो, आणि परवाना कधीच संपलेला. आता त्यात आमची भर. तिथला मुख्य ऑपरेटर, पन्नाशीचा गृहस्थ, एका वहीत प्रत्येक पॅनेलची वायरिंग हाताने काढून ठेवायचा, कारण मूळ नकाशे एका जागी नव्हतेच. सगळ्यांचे सुटे भाग वेगळे, आणि त्यांपैकी कशासाठीही वार्षिक तरतूद नाही. बिघाड झाला की तो एका मेलेल्या पॅनेलमधून भाग काढून दुसऱ्याला लावायचा. मी त्याच्याकडून जेवढं शिकलो तेवढं कोणत्याही पुस्तकातून शिकलो नाही.

प्रत्येक देणाऱ्याने आपापल्या कारखान्याला काम दिलं. घेणाऱ्या देशाने "आमच्या जाळ्यात उपकरणं अमुक प्रमाणाचीच बसतील" एवढा एक नियम आधी करून सगळ्यांपुढे ठेवला असता, तरी निम्मा त्रास वाचला असता. असा नियम करणारे देश आहेत आणि तिथे काम करणं ठेकेदारालाही सोपं जातं.

बांधील मदत हा फक्त नव्या देणाऱ्यांचा रोग आहे असं मात्र कोणी समजू नये. मलेशियाच्या पेर्गाऊ धरणाला ब्रिटनने २३.४ कोटी पौंडांचं साहाय्य दिलं. प्रकल्प किफायतशीर नाही असं त्यांच्याच अधिकाऱ्यांनी लिहून दिलं होतं, पण शस्त्रखरेदीच्या व्यवहाराशी धागा जुळलेला होता. १९९४मध्ये ब्रिटिश उच्च न्यायालयाने ते साहाय्य बेकायदा ठरवलं. २००१मध्ये ब्रिटनने बांधील मदत थांबवली. जे घडलं ते उघड झालं म्हणून सुधारलं.

---

प्रतिसाद: ओवी

धरणं, रेल्वे, बंदरं. अजून कोणी दवाखान्याबद्दल बोललं नाही, म्हणून लिहिते. मी सार्वजनिक आरोग्यात आहे आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या काही देशांमधल्या एचआयव्ही कार्यक्रमांशी कामानिमित्त जोडलेली होते.

एचआयव्हीच्या उपचारांना पैसा देणारा अमेरिकेचा पेपफार कार्यक्रम २००३मध्ये सुरू झाला. औषध नव्हतं म्हणून माणसं मरत होती, ती जगू लागली, त्यांची मुलं मोठी झाली. महासत्तेच्या हेतूंवर कितीही टीका करा, हे झालंय. आणि १९६१मध्ये स्थापन झालेली यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदतसंस्था जानेवारी २०२५मध्ये गोठवली गेली, १ जुलै २०२५ला परराष्ट्र खात्यात विलीन होऊन संपलीही.

बाहेरून वाटतं की औषधाच्या गोळ्या थांबल्या असतील. बऱ्याच ठिकाणी गोळ्या फडताळात होत्या. गेली ती माणसं. अनुदानावर पगार असलेली समुपदेशक, नोंदणी करणारा मुलगा, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे ठरलेल्या दिवशी न आलेल्या रुग्णाचं घर शोधत जाणारी कार्यकर्ती. ही औषधं रोज घ्यायची असतात. खंड पडला की विषाणू उसळतो, प्रतिकार तयार होऊ शकतो, मग महागडी दुसऱ्या फळीची औषधं. त्या कार्यकर्तीचा पगार म्हणजे साऱ्या साखळीतला सगळ्यात छोटा खर्च, पण तोच गेला.

स्पर्धा असती तर दुसरा कोणी पुढे आला असता, नाही का? आला नाही. चीनची वैद्यकीय पथकं १९६३पासून अल्जीरियात आणि नंतर इतर देशांत गेली आहेत. आदिस अबाबातलं आफ्रिका सीडीसीचं, म्हणजे आफ्रिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं, मुख्यालय चीनने बांधलं, ते २०२३मध्ये सुरू झालं. इमारत आणि पथक त्यांना जमतं. पण वर्षानुवर्षं पगार आणि औषधं यांचा चालू खर्च उचलायला कोणी शर्यत लावत नाही, कारण त्यावर फीत कापता येत नाही. तेव्हा मध्यरेषा, तुमच्या मांडणीला ही मर्यादा आहे. दोन सावकार दारात उभे असण्याची गोष्ट जिथे वसुली होऊ शकते तिथलीच. जिथे काहीच परत येणार नाही तिथे दारात कोणीच नसतं.

दक्षिण आफ्रिकेने आपल्या एचआयव्ही कार्यक्रमाचा बहुतांश खर्च स्वतःच्या अंदाजपत्रकात आणला होता, त्यामुळे धक्का बसूनही औषधं चालू राहिली. गरीब शेजाऱ्यांना ते शक्य नव्हतं. स्वतःची तरतूद करा, हे सांगणं बरोबर आहे, पण ज्यांच्या महसुलाचा मोठा हिस्सा व्याजातच जातो त्यांना ते कशातून करायचं हेही सांगावं लागेल.

---

प्रतिसाद: खनिजवाट

ओवी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मदत आणि कर्ज यांच्या मागे व्यापाराचे नियम उभे असतात, तिकडे वळवतो. हैतीने १९९५मध्ये तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं, अमेरिकेच्या आणि नाणेनिधीच्या दबावाखाली. अनुदानित अमेरिकी तांदूळ आला आणि तिथला भातशेतकरी उठला. मार्च २०१०मध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे ही चूक होती असं कबूल केलं, पण तोवर शेतं सोडून लोक शहरांत गेले होते. ज्या देशाला नंतर अन्नमदत द्यावी लागली, त्याची भात पिकवण्याची ताकद व्यापारधोरणानेच मोडली होती.

रवांडाचं उदाहरण अलीकडचं. आपला कापडउद्योग उभा राहावा म्हणून त्यांनी २०१६मध्ये जुन्या कपड्यांच्या आयातीवरचं शुल्क वाढवलं. अमेरिकी व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि २०१८मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी शुल्कमाफी स्थगित केली. केनियानेही तोच विचार केला होता, तो माघारी फिरला. रवांडा फिरला नाही.

आणि आता इंडोनेशिया. जानेवारी २०२०पासून त्यांनी कच्च्या निकेलची निर्यात बंद केली: निकेल हवं तर इथे येऊन गाळा. चिनी कंपन्या आल्या, सुलावेसीवर मोरोवालीसारखी प्रचंड संकुलं झाली. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये निकाल इंडोनेशियाविरुद्ध लागला. इंडोनेशियाने अपील केलं. पण अपिलाचं मंडळ डिसेंबर २०१९पासून बंद आहे, कारण अमेरिका त्यावर नेमणुका होऊ देत नाही. त्यामुळे बंदी चालूच. माझ्या मते दोन बलाढ्यांच्या भांडणातून एका देशाने स्वतःसाठी कारखाने काढल्याचं याहून ठळक उदाहरण अलीकडच्या काळात नाही.

---

प्रतिसाद: सह्यकडा

खनिजवाट, त्या कारखान्यांना वीज कोळशाची, आणि ती खास त्यांच्यासाठी बांधलेल्या केंद्रांतून. किनाऱ्यावरचे मासेमार गढूळ पाण्याच्या तक्रारी करतात. डिसेंबर २०२३मध्ये मोरोवालीत भट्टीच्या दुरुस्तीवेळी स्फोट होऊन वीसएक कामगार गेले, त्यांत इंडोनेशियन होते आणि चिनीही. कारखाना आपल्या भूमीवर आला एवढ्याने तो आपला होत नाही.

---

प्रतिसाद: खनिजवाट

हे खरंच आहे आणि ते मी लिहायला हवं असं तुम्हाला वाटलं ते योग्यच. पण बघा, सौदा करण्याची ताकद मिळाली होती. ती निर्यातमूल्यावर खर्च केली, कामगारांच्या सुरक्षेवर नाही. ती निवड जकार्तामध्ये झाली, बीजिंगमध्ये नाही. म्हणून तिचा जाबही जकार्तालाच विचारता येतो.

बोट्सवानाने हे जास्त सावकाश आणि जास्त चिकाटीने केलं. डी बिअर्सबरोबरच्या डेब्स्वाना कंपनीत निम्मा वाटा, आणि २०११च्या करारात हिऱ्यांची प्रतवारी-विक्री लंडनहून गाबोरोनला आणायला लावली. ती २०१३मध्ये आली. पण तिथे जाणकार अधिकाऱ्यांची फळी अनेक दशकं टिकून राहिली होती. ती एका रात्रीत उभी करता येत नाही.

---

प्रतिसाद: पानगळ

वाचतेय, खूप माहिती मिळतेय. एक शंका: भारत यात घेणारा की देणारा?

---

प्रतिसाद: मध्यरेषा

पानगळ, दोन्ही. १९५०च्या दशकात भिलाई सोव्हिएत मदतीने, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या मदतीने उभं राहिलं. पोलाद कारखाने हवेत हे आपण आधी ठरवलं होतं आणि मग ते तीन देशांकडून घेतले. बोकारोला अमेरिका नाही म्हणाली, तेव्हा सोव्हिएत संघ आला. त्याच काळात धान्यासाठी आपण अमेरिकेवर विसंबून होतो आणि साठच्या दशकात त्या धान्याच्या दोऱ्या ओढल्या गेल्या, हेही विसरू नये.

आज आपण देतो. २०२२मध्ये श्रीलंकेला जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत, मालदीवमध्ये मालेला शेजारच्या बेटांशी जोडणाऱ्या पुलासाठी १० कोटींचं अनुदान आणि ४० कोटींचा पतपुरवठा. तिथेच आधी चीनने बांधलेला पूल २०१८मध्ये सुरू झाला होता. त्या दोन पुलांच्या तुलनेत आपण किती चांगले ठरतो, हे तारयंत्रींच्या ७५ टक्क्यांवर आणि आपल्या कंत्राटदारांच्या वेळापत्रकावर ठरेल.

ओवी, तुमचा आक्षेप मी मान्य करतो. चालू खर्चाला स्पर्धा लागू पडत नाही, तिथे माझी मांडणी उपयोगाची नाही.

---

प्रतिसाद: जुना मुनीम

व्हिएतनामचं लिहायचं राहिलं होतं. हनोईची कात लिन–हा दोंग मेट्रो चिनी कर्जातून, २०११ला काम सुरू, नोव्हेंबर २०२१ला गाडी धावली. हो ची मिन्ह सिटीची पहिली मेट्रो जपानी कर्जातून, २०१२ला काम सुरू, डिसेंबर २०२४ला धावली. एक तेरा किलोमीटर, दुसरी वीसच्या आत. दोन्हींचा खर्च वाढला, दोन्ही वर्षानुवर्षं रखडल्या. देणारा बदलला तरी जमीन ताब्यात घेणं, मंजुऱ्या, दरवाढीचे वाद ही दुखणी तीच राहिली. चिनी कामाला निकृष्ट आणि जपानी कामाला अचूक म्हणून जे सरसकट लिहिलं जातं, त्यांनी या दोन वेळापत्रकांकडे बघावं.

आणि कमी करून घेता येतं, हेही सांगतो. मलेशियाने पूर्व किनाऱ्याचा रेल्वे प्रकल्प २०१८मध्ये थांबवला आणि २०१९मध्ये ६५.५ अब्ज रिंगिटवरून ४४ अब्जांवर आणला. म्यानमारने क्याउकफ्यू बंदराचा खर्च ७३० कोटी डॉलरवरून १३० कोटींवर आणला. दोन्हीकडे चीन बोलणीला बसला. म्हणजे पहिला आकडा शेवटचा कधीच नसतो.

---

प्रतिसाद: सह्यकडा

मुनीमकाका, मलेशियात त्यासाठी सरकार बदलावं लागलं.

उघड चर्चेबद्दल एक शेवटचं. नेपाळने अमेरिकेच्या एमसीसी या सरकारी मदतसंस्थेचं ५० कोटी डॉलरचं अनुदान २०१७मध्ये सहीबंद केलं आणि संसदेने मंजूर केलं २७ फेब्रुवारी २०२२ला. पारेषण वाहिन्या आणि रस्ते यांसाठीचं अनुदान, कर्जही नाही. तरी अमेरिकी सैन्य येणार अशा अफवा, रस्त्यावर दगडफेक, आघाडीत फूट. करार सगळ्यांना वाचायला उपलब्ध होता, तरीही. मध्यरेषा, उघड केलं की शहाणपणाने निर्णय होतो, असा तुमचा समज दिसतो. तो मला भाबडा वाटतो.

---

प्रतिसाद: मध्यरेषा

सह्यकडा, दगडफेक झाली हे खरं. पण त्या साडेचार वर्षांत नेपाळने कराराच्या एकेका कलमावर लेखी प्रश्न पाठवले, अमेरिकेकडून लेखी उत्तरं घेतली, आणि मंजुरीसोबत संसदेने स्वतःची व्याख्यात्मक घोषणा जोडली: हा लष्करी कराराचा भाग नाही, आणि राज्यघटना या कराराच्या वर राहील.

त्याच देशातलं पोखरा विमानतळ बघा. चीनच्या एक्झिम बँकेचं कर्ज, चिनी ठेकेदार, १ जानेवारी २०२३ला उद्घाटन. रस्त्यावर कोणी उतरलं नाही, संसद बंद पडली नाही. आंतरराष्ट्रीय विमानांची नियमित वर्दळ ज्या हिशेबावर कर्ज घेतलं त्या प्रमाणात आलीच नाही, आणि २०२५मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीच्या उपसमितीने बांधकामातल्या गंभीर अनियमिततांचा अहवाल दिला. ते प्रश्न सहीआधी विचारले असते तर धावपट्टीच्या खर्चावर घासाघीस करता आली असती. आता फक्त चौकशी करता येते, आणि हप्ते सुरूच आहेत.